एकाच बादलीतलं पाणी

१

बेडकाचं रक्त काढणं संघमित्राच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात तिला आता ना किळस वाटायची ना दया. ओल्या फडक्यात बेडूक गुंडाळायचा, मांडीच्या आतली निळी शीर शोधायची, बारीक सुई टोचायची. थेंब काचेवर घेऊन दुसऱ्या काचेच्या कडेनं पातळ ओढायचा आणि वाऱ्यावर वाळवायचा. मग एका बोटाचं टोक कात्रीनं उडवायचं, म्हणजे पुढच्या खेपेला तोच बेडूक ओळखू येतो. बेडूक जातो बादलीत, आणि काम संपलं की बादली विहिरीत रिकामी होते.

धुळ्याच्या एका कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची. पीएचडीचा विषय तिला सुचला होता तो परदेशातल्या सॅलॅमँडरवरून. पालीसारख्या दिसणाऱ्या, पण बेडकाच्या नात्यातल्या या प्राण्याचं रक्त म्हणे तळ्यागणिक बदलतं. एका तळ्यातल्यांच्या रक्तपेशी मोठ्या, तर डोंगरापलीकडच्या तळ्यातल्यांच्या लहान. ती हरखून गाइडकडे गेली, तेव्हा ते चहा ढवळत म्हणाले होते, "सॅलॅमँडर हवा तर दार्जिलिंगचं तिकीट काढा, मॅडम. आपल्याकडे बेडूक आहेत, तेवढ्यावर भागवा." तिनं भागवलं. खानदेशातल्या विहिरी, नाले, पाझर तलाव पालथे घातले, आणि गंमत म्हणजे बेडकांच्या रक्तातही जागेजागेला फरक निघाला.

कामाची एक रीत होती. काचांवर रंग नीट चढला की नाही हे ताडून पाहायला दरवेळी एक काच माणसाच्या रक्ताचीही करायची. बेडकाची लाल पेशी लांबट असते आणि तिच्या मधोमध केंद्रकाचा जांभळा ठिपका असतो; माणसाची गोल असते, ठिपक्याविना. दोन्ही शेजारी ठेवल्या की शाळेतलं पोरही फरक सांगेल. ते माणसाचं रक्त अर्थातच संघमित्राचं स्वतःचं असायचं. फुकट आणि हाताशी.

कपाशीची पहिली वेचणी चालू होती तेव्हाची गोष्ट. महामार्ग सोडून आत धनसिंग आबांचं शेत होतं, त्यांच्या विहिरीवर ती गेली तेव्हा प्रशील बरोबर होता. प्रशील तिचा धाकटा भाऊ, जळगावला पाइपच्या एका कारखान्यात मशीनवर कामाला. आईवडील गेल्यापासून या दोघांना एकमेकांशिवाय कुणी नव्हतं. बोलायचे भांडल्यासारखे, पण एकाला शिंक आली की दुसरा औषध घेऊन हजर. सुट्टी मिळाली म्हणून तो मोटरसायकल घेऊन ताईला सोडायला आला होता.

विहिरीत दोन बेडूक मिळाले. एक तळहातभर रुंद मादी, दुसरा तिच्या निम्म्यानं नर. दोघांचं रक्त घेऊन झालं, मादीच्या मागच्या पायाचं एक बोट आणि नराच्या पुढच्या उजव्या पायाचं पहिलं बोट कापून झालं. मग संघमित्रानं आपल्या बोटाला सुई टोचली, पण काच निसटून मातीत पालथी पडली.

"आता माझं घे," प्रशीलनं बोट पुढं केलं. "कारखान्यात थोडंथोडं जातंच रोज. तुझ्या बेडकांच्या नावानं एक थेंब."

त्याची काच चांगली आली. दोघांच्या बोटांना रक्तमाती लागली होती, आणि पाणी होतं फक्त बेडकांच्या बादलीत. भिकुबाई, धनसिंग आबांची बायको, थारोळ्याशी, विहिरीचं पाणी ओततात त्या दगडी कुंडाशी, उभी होती.

"ताई, आखो एक बादली काढी देऊ का?"

"नको अक्का. आहे हे पुरे."

पुरे नव्हतं. पण संघमित्राच्या आजीनं, कलाबाईनं, अशाच एका विहिरीपासून दहा हात लांब उन्हात उभं राहून अर्धं आयुष्य काढलं होतं; कुणी वरून ओतलं तर पाणी, नाहीतर रिकामा हंडा. आता तसं काही उरलं नव्हतं. भिकुबाईनं त्यांना घरात बसवून घरच्याच कपात चहा दिला होता. तरी पाणी दुसऱ्यांदा मागायची वेळ आली की पीएचडी करणाऱ्या या बाईचा शब्द घशातच अडायचा. तिनं बेडकांच्या बादलीतच बोट खळबळलं. प्रशीलनंही तेच केलं.

पाणी किंचित गुलाबी झालं. इतका वेळ बादलीवर धडका मारणारे दोन्ही बेडूक तळाशी जाऊन बसले. त्यांच्या गळ्याखालची कातडी सारखी उडत असते, ती थांबली. मग ती पुन्हा उडू लागली तेव्हा दोघांची एका तालात उडत होती. संघमित्रानं ते पाहिलं आणि बादली विहिरीत उलटी केली.

२

दुसऱ्या खेपेला ती एकटीच गेली. थंडी होती, विहिरीचं पाणी खाली गेलं होतं. जाळं घेऊन ती पायऱ्या उतरली तर शेवटच्या पायरीवर ते दोघं बसलेले, तोंड वर करून. रानातला बेडूक माणसाची सावली पडली की बुडी मारतो. हे हलले नाहीत. तिनं नुसत्या हातानं दोघांना उचललं.

"थंडीनं आखडले असतील," ती स्वतःशी म्हणाली. एकटीनं काम करणाऱ्या माणसाला अशी स्वतःची समजूत काढायची सवय लागते.

मादीच्या मांडीतून रक्त घेतलं. नराचं घेतलं. नराच्या कापलेल्या बोटावर नवं मांस चढून टोक परत आल्यासारखं दिसत होतं, खूण पटेना. म्हणून तिनं कात्री एक सांधा खाली लावली आणि दाबली.

बेडूक ओरडला. बेडूक ओरडतात, त्यात नवल नाही. साप धरतो तेव्हा तोंड वासून लहान मुलासारखे किंचाळतात. पण ही किंकाळी तिच्या ओळखीची होती. लहानपणी प्रशीलचा हात दारात चेमटला होता तेव्हा तो असाच आधी आत ओढल्यासारखा आणि मग फुटून ओरडला होता. बोटातून रक्त थांबेना. तिनं कापूस दाबला, तो भिजला. दुसरा भिजला. वरून भिकुबाई वाकून बघत होती.

"काय व्हयनं ताई? कोन ओरडनं?"

"बेडूक होता, अक्का."

पदर तोंडाला लावून भिकुबाई मागं सरकली.

संघमित्रा दोघांना पाण्यात सोडून वर आली आणि फोन वाजला. प्रशीलच्या कारखान्यातला हितेंद्र बोलत होता. "ताई, घाबरू नका. प्रशीलचा हात मशीनमध्ये आला. आत्ताच. एक बोट गेलं, बाकी हात वाचला. दवाखान्यात नेलंय."

"कोणतं बोट?"

असल्या वेळी हे काय विचारणं, असं हितेंद्रला वाटलं असणार. "उजव्या हाताचं. अंगठ्याशेजारचं."

कापाकापी शिकवणाऱ्या बाईला बेडकाचा पंजा पाठ असतो. बेडकाला पुढच्या पायाला अंगठा नसतो, त्याचं पहिलं बोट म्हणजे आपलं अंगठ्याशेजारचं बोट. दरवर्षी ती हे फळ्यावर काढून दाखवायची. तिनं हातातल्या कात्रीकडे पाहिलं. पात्याला कातडीचा एक बारीक तुकडा अजून चिकटलेला होता. तो तिनं गवताला पुसला आणि जळगावची बस गाठायला रस्त्याकडे पळाली.

३

प्रशीलला तिनं आपल्याकडे धुळ्याला आणलं. देवपुरात तिचं भाड्याचं घर होतं, दोन खोल्या आणि मोरी. बोट गेल्याचं त्यानं फार मनाला लावून घेतलं नाही, किंवा घेतलं तरी दाखवलं नाही. जखम मात्र भरेना. पट्टी सोडली की खालून ओलीच.

"एक गंमत सांगू?" तो म्हणाला. "तिकडं रक्त तपासलं ना, त्यांचं मशीन वाचेचना. लॅबवाला वरती येऊन विचारतो, हे रक्त कोणी दिलं? म्हणे प्रत्येक पेशीत ठिपका आहे, हे कोंबडीचं रक्त आहे. मी म्हटलं, साहेब, कोंबडी मी खातो, पण इतकी पण नाही."

तो हसला. संघमित्राला हसू आलं नाही. कोंबडीची पेशी लांबट असते, मधे ठिपका असतो. बेडकाचीही तशीच असते. "काचांची अदलाबदल झाली असेल," ती म्हणाली. त्या लॅबनंही शेवटी तेच म्हटलं होतं आणि डॉक्टरांनी पुन्हा रक्त न घेताच जखम शिवली होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात तिनं विहिरीवरच्या काचा रंगवल्या आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. मादीच्या रक्तात लांबट पेशींच्या मधेमधे गोल पेशी होत्या, ठिपक्याविना. एखादी नव्हे, पसाभर तांदळात साबुदाणा सांडावा तशा. नराच्या काचेत त्याहून जास्त. काच बदलली असेल, रंग शिळा असेल, डोळे दमले असतील, अशी सगळी कारणं तिनं एकेक करून तपासली आणि एकेक करून बाजूला ठेवली. मग विहिरीवरून बारीक नळ्यांत भरून आणलेलं उरलेलं रक्त काढलं. मुलांच्या प्रॅक्टिकलला रक्तगट पाहायची औषधं असतात ती कपाटात होतीच. दोन्ही बेडकांचे थेंब टाकले आणि काडीनं ढवळले.

मादीचा थेंब दोन्ही औषधांत सरळ राहिला. म्हणजे गट ओ. संघमित्राचा गट ओ होता. नराचा थेंब दुसऱ्या औषधात आखडला आणि त्याचे दाणेदाणे झाले. म्हणजे गट बी. प्रशीलचा गट तिला विचारायची गरज नव्हती.

प्रयोगशाळेत पंखा फिरत होता. शेजारच्या वर्गात कुणीतरी हजेरी घेत होतं. तिनं दार लावून घेतलं, आपलं बोट टोचलं, काच ओढली, वाळवली, रंगवली. वाट पाहताना तिची मांडी ठणकत होती. विहिरीवरून आल्या दिवसापासून आतल्या बाजूला एक निळा डाग होता, मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. बसच्या बाकाचा खिळा लागला, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

तिनं डोळा लावला. गोल, गोल, गोल. आणि त्यांच्यातून सावकाश सरकून आल्यासारखी एक लांबट पेशी, पोटात जांभळा ठिपका घेऊन. तिच्यामागं दुसरी. काच वाळलेली होती, त्यात काही सरकणं शक्य नव्हतं. संघमित्रानं डोळा काढला आणि पुन्हा लावायचं तिला धाडस झालं नाही.

काच फोडून तिनं केराच्या डब्यात टाकली. पण एक गोष्ट तिच्या डोक्यात पक्की झाली. ते दोन बेडूक त्या विहिरीत मोकळे राहता कामा नयेत. तिथं साप होते, बगळे होते, पंपाचं चाक होतं. पटो न पटो, भावाच्या जिवावर हा प्रयोग करून बघायला ती तयार नव्हती.

४

रविवारी सकाळी ती शेतावर पोचली तर विहिरीच्या तोंडावर क्रेन उभी होती. धनसिंग आबांनी गाळ काढायला घेतला होता. पंप लावून पाणी उपसलं होतं, खाली दोन माणसं चिखल भरत होती आणि क्रेनची लोखंडी बादली वर येऊन काठावर उलटत होती. चिखलाबरोबर बेडूक पडत होते. आबा आणि हिलाल नावाचा त्यांचा गडी फावडी घेऊन उभे होते. बेडूक पडला की फावडं पडत होतं.

जमीन रक्तानं आणि आतड्यांनी निसरडी झाली होती. अर्धे चेचलेले बेडूक पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत विहिरीकडे निघाले होते. हिलाल त्यांना टाचेनं दाबत होता, सहज, एकीकडे आबांशी बोलत.

"आबा, थांबा," संघमित्रा धावली. "हे कशासाठी?"

"मॅडम, यास्नामुये साप येतस," आबा म्हणाले. घामानं त्यांचा सदरा अंगाला चिकटला होता. "मन्ही वासरी मरी गई ना साप चाईसन. आते एक ठेवाव नही. बठ्ठा मारी टाकसू."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वासरी त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवली होती, हे संघमित्राला माहीत होतं. माणूस वाईट नव्हता. पण हात थांबत नव्हता.

तेवढ्यात क्रेनची बादली उलटली. चिखलातून मादी बाहेर पडली, मागच्या पायाचं बोट नसलेली, आणि पळायचं सोडून संघमित्राकडे तोंड करून बसली. आबांचं फावडं उचललेलंच होतं.

ते पडलं, पण तिरकं. पात्याची कड मादीच्या पाठीवरून घसरत गेली आणि चिखलात रुतली.

संघमित्रा गुडघ्यांवर पडली. पाठीत कुणी तापलेली सळई ओढावी तशी आग झाली, खांद्यापासून कमरेपर्यंत. तिला श्वास घेता येईना. डोळ्यांपुढच्या अंधारातून तिला आबांचं फावडं पुन्हा वर जाताना दिसलं, आणि तिनं पुढं झेप घेऊन दोन्ही तळवे मादीवर पालथे घातले.

फावडं हवेत थांबलं.

"हाई काय करी राह्यन्या मॅडम!" आबांचा आवाज फाटला. "हात तुटी जाता आते तुमना!"

"दोन बेडूक द्या आबा. दोनच. ही आणि एक लहान. बोट नाही त्याला, पुढच्या पायाला. तो कुठाय?" ती रडत होती आणि रडतारडता चिखल उपसत होती. मेलेली धुडं बाजूला फेकत होती. त्यांतली बरीच तिच्या डोळ्यांदेखत चेचली गेली होती आणि तिला काही झालं नव्हतं. लागलं ते फक्त मादीला लागलेलं. तिच्यातली शिक्षिका एवढं नोंदवून घ्यायला चुकली नाही.

नर एका चेचलेल्या बेडकाच्या खाली दबून बसला होता, जिवंत. हिलालची टाच त्याच्यापासून वीतभर होती.

आबांनी फावडं खाली टाकलं. "लई जा. दोन काय, बठ्ठा लई जा," ते म्हणाले आणि तोंड फिरवून उभे राहिले.

भिकुबाईनं तिला धरून उठवलं. मग तिचा हात ओला झाला म्हणून तिनं पाहिलं. "ताई, तुमनी पाठ. रक्त निंघी राह्यनं. काय लागनं?"

"तार लागली असेल कुंपणाची."

"तार तठे शे," भिकुबाई शेताच्या लांबच्या टोकाकडे बोट दाखवत म्हणाली. "आठे कोठे शे तार?" मग तिनं त्या दोन बेडकांकडे एकदा पाहिलं आणि झाकणाची एक बादली आणून दिली. या वेळी न मागता. ती परत आणून देऊ नका, असंही म्हणाली.

५

घरी तिनं मादीला निळ्या टबात ठेवलं आणि नराला बादलीत. दोन्हींवर झाकण, झाकणावर वजन. ही जात आपल्याच जातभाईला गिळते हे तिला पुस्तकातूनही ठाऊक होतं आणि पाहूनही.

"मोरीत हात लावू नकोस कशाला," तिनं प्रशीलला बजावलं.

"तुझी बेडकं, तूच सांभाळ. एवढ्या पाठीला टाके घालून आलीस, पण बेडूक सोडले नाहीस. धन्य आहेस." तो अंथरुणावर पडून डाव्या हातानं फोन चाळत होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. ती दोनदा त्याच्याजवळ जाऊन बसलीही. पण सांगणार काय? भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी त्यांच्या वडिलांचा, भिकन मास्तरांचा फोटो होता. मास्तरांनी हयातीत घराला लिंबू-मिरची टांगू दिली नव्हती. अंगात येणाऱ्या बाईला त्यांनी चहा पाजून घरी पाठवलं होतं. त्यांची मुलगी, कॉलेजात विज्ञान शिकवणारी, भावाला सांगणार की तुझा जीव मोरीतल्या बादलीत आहे? तिला लाज वाटली. पाणी मागताना वाटायची तशीच.

त्याऐवजी तिनं नराच्या कापलेल्या बोटाला जंतुनाशक लावलं, सकाळ-संध्याकाळ. चार-पाच दिवसांत प्रशीलची पट्टी कोरडी निघाली. खपली धरली. त्या दिवशी संघमित्रा मोरीत बसून एकटीच रडली, सुखानं. एवढंच करायचं होतं तर. दोघांना जपायचं, खाऊ घालायचं, सांभाळायचं. लोक जन्मभर याहून अवघड गोष्टी सांभाळतात.

एकच गोष्ट तिला आवडत नव्हती. मादीची भूक. गांडुळं, झुरळं, मासळीचे तुकडे, कितीही टाका, ती गपकन गिळायची आणि पुन्हा बादलीच्या दिशेनं तोंड करून बसायची. आणि अलीकडे संघमित्राचंही जेवण वाढलं होतं. प्रशीलच्या ताटातली भाकरी तिनं न विचारता उचलली, तेव्हा तो थट्टेनं म्हणाला, "मलाच खाशील एखाद दिवशी." तिनं भाकरी खाली ठेवली.

६

धुळ्यात नळाला पाणी आलं की घराघरांत लगबग उडते. आठ-दहा दिवसांनी येणारं पाणी, कधी येईल त्याचा नेम नाही. आलं की घरातली वाटीसुद्धा भरून ठेवायची.

त्या दिवशी संघमित्रा प्रॅक्टिकल घेत होती. सकाळपासून पोटात आग पडली होती, डबा दहा वाजताच संपला होता. बारा वाजून गेले आणि अचानक ती आग विझली. पोट भरत आल्यासारखं वाटलं, एका मोठ्या, गुळगुळीत घासानं. बरं वाटलं तिला. क्षणभर फारच बरं वाटलं. मग तोंडात लोखंडाची आणि गाळाची चव आली, आणि टेबलावरचा फोन थरथरला.

"ताई, पाणी आलं होतं," प्रशील म्हणाला. "एका हातानं सगळं भरलं बघ. भांडी पुरेनात, म्हणून ती तुझी बादली पण घेतली. ते लहान टाकलं मोठीच्या टबात. चालेल ना?" तो थांबला. "ताई, माझ्या पायांना मुंग्या आल्यात. पायच कळत नाहीत."

"बाहेर काढ त्याला," असं ती म्हणाली, किंवा म्हणायला गेली. आवाज आला नाही. जबडा घट्ट मिटला होता.

कॉलेजापासून घर दोन गल्ल्यांवर. ती धावली. दार उघडंच होतं. भांडी काठोकाठ भरलेली होती, पातेली, तांब्या, ताटंसुद्धा. त्यांच्या मधोमध प्रशील जमिनीवर पडला होता. कमरेखालचं अंग सुतळीनं आवळल्यासारखं बारीक दिसत होतं, पायजमा ओलाचिंब.

"ताई," तो कण्हला. "बरगड्या. कुणीतरी दाबतंय."

ती त्याला ओलांडून मोरीत गेली आणि झाकण उचललं.

मादीनं त्याला पायांकडून धरलं होतं. अर्धा आत गेला होता. बाहेर होतं डोकं, छाती आणि पुढचे दोन पाय; उजव्याला एक बोट कमी. तो मादीच्या ओठांवर ते खुंट रोवून स्वतःला वर रेटत होता. त्याचं तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. आवाज बाहेरच्या खोलीत येत होता.

संघमित्रानं त्याला धरून ओढलं. बाहेर प्रशील असा किंचाळला की तिनं हात सोडला. हाडं मोडल्याचा आवाज आला, तिकडूनही आणि इकडूनही. आत वळलेले दात आहेत, ओढलं तर फाटणार, हे ती दरवर्षी शिकवायची. तिनं मादीचा जबडा फाकवायचा प्रयत्न केला आणि तिचाच जबडा सांध्यातून निखळायला आला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मादी शांत होती. तिनं डोळे आत ओढले, घास पुढं सरकवताना बेडूक ओढतात तसे. संघमित्राचे डोळे आपोआप गच्च मिटले, आणि तिचा घसा एक घोट खाली सरकला. छातीपर्यंत आत गेलेला नर आता खांद्यांपर्यंत गेला.

"ताई," बाहेरून आवाज आला. तो फार बारीक झाला होता.

ओ द्यायला तिचं तोंड उघडेना.

फळीवर कात्री होती. बोटं कापायची, लहान, अणकुचीदार. तिनं मादीला डाव्या हातानं उलटं केलं आणि मोरीच्या फरशीवर दाबलं. पांढरं पोट टच्च फुगलेलं होतं, त्यात पाय हलत होते. हनुवटीपासून पोटापर्यंत एकच सरळ काप दिला की घास मोकळा होतो. असे किती बेडूक तिनं मुलांसमोर उघडले होते. तिनं एक पातं मादीच्या हनुवटीखाली टेकवलं.

पातं थंड होतं. ते तिला स्वतःच्या हनुवटीखाली कळलं, जरा उजवीकडे, जिथं शीर उडते तिथं.

मादी तिच्याकडे बघत होती. संघमित्रानं पायानं मोरीचं दार लोटून घेतलं, प्रशीलला दिसू नये म्हणून, आणि कात्रीची मूठ आवळली.